उतारात रुतलेले घर आणि पावसाचे पाणी

प्रश्न : कर्जतजवळ डोंगरउतारावर आमची थोडी जमीन आहे. तेथे वीजजोडणी व नळ न घेता, अर्धे उतारात बसवलेले घर बांधता येईल का? – एक वाचक, मुलुंड (मुंबई)

उत्तर : येईल, मात्र आधी पाण्याचा विचार करा, कारण अशा घराला उन्हापेक्षा भिंतीमागे साचणाऱ्या पाण्याचा धोका अधिक असतो. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत जाऊन बघा : कातळात कोरलेल्या पन्हळी पावसाचे पाणी लेण्यांलगतच्या पोढ्यांत, म्हणजे खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांत, नेऊन सोडतात. तुमच्या मागच्या भिंतीआडही जलरोधक थर, खडीचा भराव आणि तळाशी पाणी बाहेर काढणारा छिद्रांचा पाइप हवाच; तो वगळल्यास पहिल्याच श्रावणात गिलाव्यावर ओल चढेल व कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरेल.

तेच पाणी साठवताही येते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा ६० चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस पडल्यास, पाचवा भाग वाया गेला तरी, १,४४,००० लिटर मिळतात. चौघांना दररोज प्रत्येकी १०० लिटर धरले, तर आठ कोरड्या महिन्यांसाठी सुमारे ९६,००० लिटर लागतात. एवढ्या टाकीचा खर्च मोठा आहे, पण मला तोच सर्वांत सार्थ वाटतो.

सौर पॅनेलची संख्या मेच्या उन्हावर नव्हे, जुलैच्या ढगांवर ठरवा. उतार कापण्यापूर्वी तज्ज्ञ अभियंत्याकडून माती तपासून घ्या आणि दरडीची शंका आली, तर ती जागा सोडून द्या.