मित्र गेला, त्याच्याकडची गिटार परत आली, आता तिचं काय करायचं?

"गेलेल्या माणसाची वस्तू ठेवायची की देऊन टाकायची?" हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे सारखा येतो. कधी साडी असते, कधी मोबाईल, कधी पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली स्कूटर. विचारणारी बायको असेल, मुलगा असेल तर सल्ला द्यायला दहा जण तरी असतात, पण मित्र असेल तर त्याला कोणी विचारतच नाही, म्हणून ही केस लिहितेय. क्लायंटची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

हा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला, लग्न व्हायचंय, घरी आई. कॉलेजात असताना सुट्टीत कामं करून पैसे साठवले आणि गिटार घेतली, मग पुण्यात पहिली नोकरी लागली, कॉट बेसिसवर गिटार कुठे ठेवणार, म्हणून जिगरी दोस्ताकडे टाकून गेला. ती तिकडेच राहिली, कारण हा नुसताच हौशी आणि दोस्त खरा वाजवणारा निघाला. नंतर हा नाशिकला परत आला तरी मागितली नाही, शनिवारी त्याच्या गच्चीवर जाऊन ऐकायची हे ठरलेलं. मग दोस्त हायवेवरच्या अपघातात गेला. काही महिन्यांनी त्याच्या आईने याला बोलावून गिटार हातात दिली, "तुझीच होती ना बाळा, घेऊन जा, मला बघवत नाही."

तिथून याची झोप गेली. "मॅडम, तो गेला तेव्हा मी ठीक होतो हो, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट केली. गिटार आल्यावर कसं काय बिघडलं?"

आता बघा, त्याला दुसऱ्या दिवशी शिफ्ट करावीच लागली कारण कंपनीत आई-वडील, बायको वारली तर रजा आहे, मित्रासाठी नाही. घरीही तेच, मित्राचं सुतक नसतं, त्यामुळे घरात भाजी फोडणीला पडली, टीव्ही लागला. १९८९ मध्ये केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला समाज दुःख म्हणून मोजतच नाही आणि त्यामुळे माणसाला ते उघडपणे करताच येत नाही. आपल्याकडे मित्र त्यात अगदी वरच्या नंबरला असेल, हे माझं मत.

याने नेटवर दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) पण वाचल्या होत्या आणि आपण कुठल्या पायरीवर अडकलो ते विचारत होता. त्या पायऱ्या कुबलर-रॉस नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. प्रत्यक्षात माणूस एक दिवस मस्त मिसळ खातो आणि दुसऱ्या दिवशी सिग्नलला रडतो, दोन्ही खरं असतं, त्यात आजार काही नाही.

खरी गाठ उशिरा कळली. दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. घरचे एकेक पुढे होऊन "आईला आम्ही बघू", "बहिणीचं लग्न आम्ही करून देऊ" असं म्हणत होते आणि हा पार मागे उभा. मनात आलं होतं की पुढे व्हावं आणि म्हणावं "गिटार मी सांभाळीन रे", पण आपण कोण लागतो, म्हणून गप्प राहिला. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. आणि नंतर तीच गिटार घरी आली, म्हणजे झालं ना, याच्या डोक्यात बसलं की आपल्या न बोलण्यामुळेच अडलं.

कावळ्यावर मी वाद घालत नाही, ते माझं कामही नाही. मी एवढंच म्हटलं की ते वाक्य ऐकायला काकू, म्हणजे दोस्ताची आई, आहेत की अजून, त्यांना सांग. तो गेला आणि सांगितलं, तर काकू रडता रडता हसल्या, "अरे तो म्हणायचा, मी त्याला गिटारचं भाडं देत नाही आणि तो मागत नाही."

घरी मात्र आईचा धोशा, गेलेल्याची वस्तू घरात नको, अमावास्येच्या आत देऊन टाक. त्यांना एकदा बोलावलं. बोलता बोलता कळलं की भीती गिटारची नाहीच, पोरगा रात्री दोन-दोनपर्यंत ती मांडीवर घेऊन नुसता बसतो याची आहे. मग त्याच म्हणाल्या, सासूबाईंचं पितळी पातेलं मी रोज वापरते की.

आणि तारा! बारीक तारांना गंज चढला होता, पण बदलवत नव्हत्या कारण शेवटची बोटं त्याची लागलेली. मी म्हटलं घाई कोणाला आहे? ठेव, वाजव, विक, उद्या ठरव नाहीतर दिवाळीनंतर ठरव. शेवटी स्वतःच एमजी रोडवर जाऊन बदलून आला, जुन्या गुंडाळून पाकिटात ठेवल्या. पहिल्या तीन फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर, दोस्ताच्या वाजवण्याने खाचा पडल्यात, दुकानदार म्हणाला घासून देतो, नाहीतर तार फरफरेल. हा म्हणाला, फरफरू दे.

आता, सगळंच असं आपोआप सुटत नाही. झोप, जेवण, काम महिनोन्‌महिने ठप्प असेल, सहा महिने-वर्ष उलटूनही रोजचा दिवस पहिल्यासारखाच जड जात असेल तर तज्ज्ञाला दाखवा. आणि आपणही त्याच्या मागे जावं असं मनात आलं तर तेवढीही वाट बघू नका, सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आणि चोवीस तास चालू असते.

याची झोप बऱ्यापैकी परत आलीय. क्लास लावायचा म्हणतो, अजून लावलेला नाही, भाच्याला द्यायची का तेही ठरत नाहीये. आईने एकच अट घातलीय, रात्री दहानंतर वाजवायची नाही, खालचे काका कुरकुर करतात.