अमेरिकेत लेखकाला पूर्वीसारखं स्थान उरलं नाही का? आणि लेखकांनी कामगारांसारखा संप करणं शोभतं का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तोच जास्त खटकला. शोभतं.

अमेरिकेत पटकथालेखक बहुधा नोकर म्हणून लिहितो. पटकथेचा कॉपीराइट स्टुडिओचा, कायद्याच्या लेखी 'लेखक'सुद्धा स्टुडिओच. नाटककाराचं उलट: नाटक त्याच्या मालकीचं राहतं. पण स्वतंत्र व्यावसायिकांनी एकत्र येऊन दर ठरवले की मक्तेदारीविरोधी कायदा आडवा येतो. पटकथालेखकाची मालकी गेली, पण नोकर असल्यामुळे युनियन करायचा हक्क मिळाला. चित्रपट टीव्हीवर दाखवल्याचं मानधन आणि पेन्शन पटकथालेखकांच्या 1960च्या संपातून आलं, कुणाच्या कौतुकातून नाही.

त्यांचाच 2023चा संप 148 दिवस चालला. गाजला एआयमुळे, पण मोठं दुखणं 'मिनी रूम'चं होतं. पूर्वी 22 भागांची मालिका असायची, लेखक वर्षातले बरेच महिने कामावर असायचा आणि स्वतःचा भाग चित्रित होताना सेटवर उभा असायचा. स्ट्रीमिंगने भाग आठ-दहावर आणले. मालिका मंजूर होण्याआधीच मोजके लेखक काही आठवडे बसवायचे, संहिता लिहून घ्यायच्या आणि त्यांना मोकळं करायचं, हीच मिनी रूम. पुढे चित्रीकरणात ठिकाण हातचं गेलं, बजेटपायी प्रसंग कापावा लागला, की पुनर्लेखनाला एकटा शोरनर, म्हणजे मालिकेचा प्रमुख लेखक-निर्माता. नव्या लेखकाने सेट पाहिलेलाच नसेल तर उद्याचे शोरनर कुठून येणार?

या संपानंतर झालेल्या 2023च्या करारानुसार मंजूर झालेल्या 7 ते 12 भागांच्या मालिकेला किमान 5 लेखक लागतात. मंजुरीआधीच्या रूममध्ये किमान 10 आठवड्यांची हमी. मोठ्या बजेटची मालिका 90 दिवसांत त्या स्ट्रीमिंग सेवेच्या देशातल्या 20 टक्के ग्राहकांइतकी पाहिली गेली तर लेखकाला बोनस. मोजणी पाहिलेले तास भागिले मालिकेची लांबी अशी. आणि एआयचा मसुदा पुढे ठेवून 'एवढं दुरुस्त करा' म्हणत पुनर्लेखनाचा कमी दर लावता येत नाही. कलावंताने पैशाचं बोलू नये म्हणणाऱ्यांनी यातलं नेमकं कोणतं कलम अशोभनीय आहे ते दाखवावं.

अर्थात पळवाट आहे: एकाच लेखकाने सगळे भाग लिहिले तर 5 जणांची अट लागू नाही. शिवाय करार दर ठरवतो, काम निर्माण करत नाही. संपानंतर मालिकाच कमी झाल्या. कादंबरीकार आणि मुक्त पत्रकार तर या कराराच्या बाहेरच. तुमचा पहिला प्रश्न त्यांच्याबद्दल असेल, तर हो, त्यांची बाजू आज जास्त कमकुवत आहे.