लिबियावरचा वाद जिंकले, पण मत उलट झालं. या क्षेत्रात जाऊ का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत ‘२०११ची लिबियातली नाटोची लष्करी कारवाई समर्थनीय होती’ असा विषय होता (नाटो म्हणजे अमेरिका आणि युरोपीय देशांची लष्करी संघटना). चिठ्ठीत मला अनुकूल बाजू आली आणि आमचा पहिला नंबर आला. पण तयारी करता करता माझं स्वतःचं मत उलट झालं होतं. जे पटत नाही ते ठासून बोलले आणि त्याचंच बक्षीस घेतलं, ही टोचणी जात नाही. मला आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पुढे जायचं आहे. तिथे कायम अशीच सांगतील ती बाजू मांडावी लागते का? बाबा म्हणतात, बी.एड. कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे.

उत्तर : करिअरचं नंतर बोलू. आधी लिबिया, कारण तुझी टोचणी तिथली आहे.

स्पर्धेत दोनच बाजू असतात, कारण परीक्षकांना निकाल द्यायचा असतो. १७ मार्च २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या सदस्यांपुढे मात्र गुंता होता. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याचं सैन्य बंडखोरांच्या ताब्यातल्या बेनगाझी शहराच्या दिशेने सरकत होतं आणि बंडखोरांना दयामाया दाखवणार नाही, असं त्याने रेडिओवरून बजावलं होतं. १९९४ मध्ये रवांडात सुमारे आठ लाख माणसं मारली जात असताना जग हातावर हात ठेवून बसलं होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर केलेल्या, बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात सुमारे आठ हजार बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. हे सगळ्यांच्या स्मरणात होतं. लिबियाच्या आकाशात विमानं उडवायला बंदी घाला, ही मागणी तर खुद्द अरब लीगने, म्हणजे अरब देशांच्या संघटनेने केली होती. ठराव क्रमांक १९७३ दहा मतांनी मंजूर झाला, विरोधात एकही मत पडलं नाही. तू व्यासपीठावरून हे मांडलं असशील, तर त्यात खोटं काहीच नव्हतं.

तुझं मत उलट का झालं, हेही मला समजतं. ठरावात बळ वापरायची परवानगी होती ती नागरिकांच्या रक्षणापुरती. परकीय फौजेने देश ताब्यात घ्यायला त्यात स्पष्ट मनाई होती. मार्चमध्ये सुरू झालेले हवाई हल्ले ऑक्टोबरअखेरपर्यंत चालले. बेनगाझीवरचा धोका काही दिवसांतच टळला होता, पण मोहीम थांबली नाही, ती गद्दाफीला हटवण्याच्या दिशेने गेली. २० ऑक्टोबरला लिबियातल्याच सिर्त शहरात तो मारला गेला. पुढे देशात दोन-दोन सरकारं आली, पुन्हा यादवी पेटली, आणि लिबियातून बाहेर पडलेली शस्त्रं आणि लढवय्ये पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशापर्यंत पोचले. ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने २०१६च्या अहवालात आपल्याच सरकारवर ठपका ठेवला : नागरिकांवरच्या धोक्याचं चित्र फुगवलं गेलं, आणि रक्षणासाठी सुरू झालेली कारवाई सत्तापालटात बदलली. त्याच वर्षी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा यांनीही नंतरची तयारी केली नाही, ही आपली बहुधा सर्वांत मोठी चूक होती, अशी कबुली दिली.

मला विचारशील तर तो ठराव त्या दिवशी समर्थनीय होता. त्याचा आधार घेऊन पुढे जे केलं गेलं आणि मग देश जसा वाऱ्यावर सोडला गेला, ते समर्थनीय नव्हतं. तुझं मत याहून वेगळं असू शकतं. पण कायदा, हेतू, साधनं आणि नंतरची जबाबदारी यांचा वेगवेगळा विचार केल्याशिवाय ‘समर्थनीय’ हा शब्द वापरायचा नाही, एवढी शिस्त या विषयात लागतेच. तुझ्या मनात जे घडलं, ती त्या शिस्तीची सुरुवात आहे. त्याला अप्रामाणिकपणा म्हणू नकोस.

तुझ्या स्पर्धेत नसलेली तिसरी बाजूही अभ्यास. मतदानात पाच देश तटस्थ राहिले : रशिया, चीन, जर्मनी, ब्राझील आणि भारत. लिबियात तेव्हा हजारो भारतीय कामगार होते. विमानं आणि जहाजं पाठवून त्यांतल्या सुमारे पंधरा हजारांना आपण नुकतंच परत आणलं होतं. फेब्रुवारीतल्या निर्बंधांच्या ठरावाला, क्रमांक १९७०ला, भारताने पाठिंबा दिला होता. मार्चमध्ये मात्र आपल्या प्रतिनिधींनी विचारलं की प्रत्यक्ष परिस्थितीची खात्रीलायक माहिती कुठे आहे, महासचिवांच्या दूताचा अहवाल का आलेला नाही, आणि ही कारवाई नेमकं कोण आणि कशी करणार? काहींना हे अंग काढून घेणं वाटलं. मला ते प्रश्न आजही रास्त वाटतात, जरी बेनगाझीतल्या माणसाला त्या रात्री त्यांचा काही उपयोग नव्हता.

आणि पाश्चात्त्यांना लावतेस तीच मोजपट्टी आपल्यालाही लाव. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित आलेले असताना भारताने पूर्व पाकिस्तानात सैन्य घातलं. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना पाठवली. दोन्हींची उत्तरं एकसारखी येणार नाहीत.

आता तुझा खरा प्रश्न. परराष्ट्र सेवेत गेलीस तर जाहीरपणे सरकारची भूमिका हीच तुझी भूमिका, हे मान्य करूनच जावं लागतं. तुझं मत फाइलवर, वरिष्ठांपुढे मांडता येतं, बाहेर नाही. यालाही मर्यादा असते. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या उपकायदा सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांना २००३चं इराक युद्ध बेकायदा वाटलं, आणि त्यांनी युद्धाच्या तोंडावर राजीनामा दिला. पुढे चौकशी झाली तेव्हा त्यांचा सल्ला कागदोपत्री उपलब्ध होता. संशोधनात आणि अध्यापनात असं बंधन नसतं; तिथे पुरावा मागितला जातो. वकिलीत अशिलाची बाजू मांडायची असते, पण ते सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात फसवणूक नसते. तुझा स्वभाव पत्रातून दिसतो तेवढ्यावरून मला तू संशोधनाकडे किंवा आंतरराष्ट्रीय कायद्याकडे गेलेली जास्त रुचेल.

एम.ए.साठी दिल्लीच्या जेएनयूतलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आहे. प्रवेश सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून होतो. घराजवळ हवं असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. कायदा निवडलास तर एमएच-सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. करता येईल. सोबत एक परकी भाषा आजपासूनच सुरू कर. फ्रेंच घेतलीस तर उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेवरचं बरंच लिखाण थेट वाचता येईल. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकवतात.

बाबांची काळजी खोटी नाही. अभ्याससंस्थांमधल्या जागा थोड्या, बहुतेक दिल्लीत, आणि पुष्कळशा कंत्राटी असतात. म्हणून त्यांच्यापुढे नुसती आवड नको, हिशेब मांड : दोन वर्षांचं एम.ए., त्याच काळात नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येईल. यूपीएससीला राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेता येतो, तेव्हा हाच अभ्यास तिथेही लागेल. बी.एड.चा मार्ग एम.ए.नंतरही खुला राहतो, हे त्यांना मुद्दाम सांग. दिल्लीचा वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च आधी काढून ठेव. ते पहिल्यांदा तेच विचारतील.