कच्च्या कैद्यांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थेने पुरस्कार-निधीसाठी अर्ज करावा का?

करा. पण त्या पैशावर संस्था चालेल या भ्रमात राहू नका. आम्ही तिघे मित्र त्यात चांगलेच पोळलोय.

आमचं काम एवढंच, की जामीन मंजूर होऊनही जे आतच राहतात त्यांना बाहेर काढायचं. बीडकडचा एक ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या जेलमध्ये होता. पंधरा हजारांचा जामीन झालेला, जामीनदार पाहिजे. भाऊ सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन आला, तर 'याच जिल्ह्यातला माणूस आणा' म्हणून त्याला परत पाठवलं. अहो, १९७८ मध्ये मोतीराम खटल्यात सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच चूक ठरवलंय! तो मोतीराम गवंडी होता बिचारा, त्याच्याकडे दहा हजार मागितले होते. आमच्या माणसाचा भाऊ तीन रात्री एसटी स्टँडवर झोपला, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून बनियनच्या आत. शेवटी आमच्या वकिलीणबाईंनी अर्ज दिला आणि तो जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला. खर्च किती? एसटीचं भाडं, झेरॉक्स आणि बाईंचे चार दिवस.

मग एका पुरस्कारासाठी अर्ज केला. परीक्षकांचा पहिला प्रश्न, 'याचं ॲप आहे का?' माझा मित्र लगेच म्हणाला, 'करतोय.' पैसे मिळाले, पण पगाराला वापरायचे नाहीत, 'नवीन कल्पने'लाच वापरायचे ही अट. ॲप झालं. दर गुरुवारी जेलमध्ये जाऊन कैद्यांना भेटणारी आमची पोरगी मात्र पगाराअभावी सहा महिन्यांत सोडून गेली. मी तेव्हाच म्हटलं होतं, पगार घालता येत नसेल तर अर्जच नको.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. भारतात कायदा आणि न्यायाच्या क्षेत्रासाठी 'आगामी' नावाच्या संस्थेचं 'आगामी प्राइझ' आहे. 'राइट लाइव्हलीहूड' हे स्वीडनमधल्या संस्थेचं बक्षीस २०२१ मध्ये दिल्लीच्या 'लाइफ' या पर्यावरण-वकिलांच्या संस्थेला मिळालं होतं, पण तिथे आपलं नाव आपण सुचवायचं नसतं. परदेशी निधी घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेकडून तो पैसा पुढे घेताही येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणलीय. छोट्यांनी काय करायचं, ते सांगायला कोणी बसलेलं नाही. आणि जामिनाची रक्कम भरण्यापुरताच प्रश्न असेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयात जा. गरीब कैद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे, त्यात कच्च्या कैद्याला सुरुवातीला, २०२३ मध्ये, ४० हजारांपर्यंत मदत ठरली होती.

हो, सगळेच पुरस्कार असे नसतात. काही जण बिनअटी पैसेही देतात, आम्हाला भेटले नाहीत इतकंच.

मित्र अजून म्हणतो की ॲप चाललं असतं, मीच रेटलं नाही. त्या ॲपच्या डोमेनचे पैसे दरवर्षी मीच भरतो.