उनो लगेच भंगारात टाकू नको

भाऊ, केळीचं ठिबक चालवणारा उनो (अर्डुइनोचा छोटा कंट्रोलर बोर्ड) गप्प झाला म्हणून लगेच नवा आणायला जळगाव गाठू नको. आधी रिले (विजेवर चालणारा स्विच), सेन्सर सगळं सोड आणि नुसता बोर्ड यूएसबीला लाव. केबल डेटाची हवी. स्वस्तातल्या कित्येक फक्त चार्जिंगच्या निघतात. मल्टीमीटरने ५ व्होल्टची पिन मोज. शून्याच्या आसपास असेल आणि चिप चटका देत असेल, तर शॉर्ट आहे, यूएसबी लगेच काढ.

कॉम्प्युटरवर पोर्ट दिसतो पण प्रोग्राम अपलोड होत नाही? रिसेट पिन जीएनडीला (ग्राउंडला) जोड, आरएक्स-टीएक्स (डेटा घेणारी-पाठवणारी पिन) एकमेकांना जोड, अर्डुइनो सॉफ्टवेअरमधल्या सिरियल मॉनिटरवर काहीही टाइप कर. अक्षरं परत आली की यूएसबीची बाजू धड. मग संशय मुख्य चिपवर किंवा बूटलोडरवर, म्हणजे यूएसबीवरून आलेला प्रोग्राम चिपमध्ये उतरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर.

बूटलोडर पुन्हा टाकून बघायला मित्राचा चालू उनो माग. त्यात अर्डुइनो आयएसपी स्केच (दुसऱ्या बोर्डाची चिप भरणारा प्रोग्राम) टाक. त्याच्या ११, १२, १३ पिना तुझ्या बोर्डाच्या त्याच पिनांना, त्याची १० तुझ्या रिसेटला, शिवाय ५ व्होल्ट आणि जीएनडी. यूएसबी फक्त त्याच्या बोर्डाला. स्केच गेल्यावरच त्याच्या रिसेट-जीएनडीत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, मायनस जीएनडीकडे. मग टूल्समध्ये ‘अर्डुइनो अ‍ॅज आयएसपी’ निवडून ‘बर्न बूटलोडर’. सिग्नेचर (चिपचा ओळख क्रमांक) सगळी शून्य आली तर आधी वायरी तपास. चिप सॉकेटमधली असेल तर ती एकटी बदलता येते, हे बरंय.

आणि रिले बोर्डाच्या ५ व्होल्टवर चालवणं बंद कर. १२ व्होल्टच्या सप्लायवर २०० मिलिअँपिअर ओढले की बोर्डावरच्या रेग्युलेटरवर (१२ चे ५ व्होल्ट करणारा भाग) १.४ वॅट नुसती उष्णता. आपल्याकडच्या मे महिन्यात, बंद पेटीत, तो बिचारा काय करणार? रिलेला वेगळा बक कन्व्हर्टर (कमी उष्णतेत व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) दे, जीएनडी मात्र एकच ठेव.