कॉईल घरी वळायची की नाही: भाच्याला पत्र

प्रिय भाचेबुवा,

अनेक आशीर्वाद.

तुझा रविवारचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. तुला आता व्हेपसाठी, म्हणजे ई-सिगारेटसाठी, आरटीए घ्यायची आहे: ज्यात लिक्विड तापवणारी तारेची कॉईल आपणच वळून बसवायची, असा टँक. साडेसहा मिनिटांत 'आरटीए' किती वेळा म्हणालास ते मोजायचं मध्येच सोडून दिलं. 'सिगारेट' मात्र एकदाही म्हणाला नाहीस. सिगारेटचं नाव नाही याचा आनंद झाला, आरटीएच्या जपाची जरा काळजी वाटली. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतोस आणि दुसऱ्या हाताने ऑनलाईन सामान मागवत असतोस.

आधी तू कुठे उभा आहेस ते बघू. पुण्यात कॉलेजात लागलेली सिगारेट मँचेस्टरला येऊन एप्रिलमध्ये सुटली, म्हणजे पाच महिने झाले. सुरुवातीला डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायचे व्हेप ओढलेस. १ जून २०२५ ला ब्रिटनमध्ये त्यांची विक्री बंद झाली तेव्हा नाइलाजाने पॉड, म्हणजे पुन्हा भरता येणारा छोटा व्हेप घेतलास आणि तो तुला मानवला. लिक्विड दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिनचं, तेही घशाला सौम्य लागणारं निकोटिन सॉल्ट, दहा मिलिलिटरची बाटली. चाललंय की बरं! मग आता तार, कापूस, स्क्रू ड्रायव्हर हे सगळं कशाला हवंय? मेसेजमध्ये तू तीन कारणं सांगितलीस: चव, पैसे आणि 'आपल्या हाताने केल्याची मजा'. तिन्ही खरी आहेत. पण मी त्याच रस्त्याने गेलेलो आहे, म्हणून प्रत्येकाच्या पुढे थोडं लिहितो.

चवीबद्दल वादच नाही. तयार कॉईलमध्ये कापूस आत बंद असतो. गोड लिक्विडातलं स्वीटनर तारेवर जळून काळं साचतं आणि आठवड्याभरात आंबा, लिची, सगळ्याला करपलेल्या साखरेचा वास येतो. घरी वळलेल्या कॉईलमध्ये कापूस काढून फेकायचा, तार तापवून काजळी साफ करायची, पाण्याखाली धरायची आणि नवा कापूस घालायचा. हात बसला की पाच मिनिटांचं काम. रोज नवी वात, रोज नवी चव.

पैशांचं गणित मात्र अर्धंच केलंस. दहा मीटर तारेचं रीळ चार-पाच पौंडांत येतं, एका कॉईलला सात-आठ सेंटिमीटर लागते, म्हणजे एका रिळात सव्वाशेच्या वर कॉईल. हे बरोबर. पण मोठी हवा घेणाऱ्या आरडीएवर, म्हणजे ज्यात टँक नसतो आणि लिक्विड थेंबाथेंबाने कापसावर टाकतात त्या ड्रिपरवर गेलास की लिक्विड पाण्यासारखं जातं. मी दिवसाला तीन मिलिलिटरवरून बारावर गेलो होतो. त्यात सरकारने १ ऑक्टोबर २०२६ पासून दर दहा मिलिलिटरवर २ पौंड २० पेन्स कर जाहीर केलाय. निकोटिन असो नसो, कर आहेच. तारेत वाचवलेलं लिक्विडात जाईल. शिवाय एक आरटीए घेऊन कुणी थांबत नाही. तुझ्या मामीने एकदा माळ्यावरचा बुटांचा खोका उघडला, त्यात अकरा आरटीए निघाल्या. "हे सगळं सिगारेट सोडण्यासाठी?" एवढंच ती म्हणाली.

मामीच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. लंडनमधल्या संशोधकांनी ८८६ माणसांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना ई-सिगारेट, अर्ध्यांना निकोटिनचे पॅच, गम वगैरे, आणि दोघांना समुपदेशन. वर्षानंतर ई-सिगारेटवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. हे आकडे व्हेपच्या दुकानदारांना तोंडपाठ असतात. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा ते सांगत नाहीत: सुटलेल्या त्या ई-सिगारेटवाल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते, तर पॅच-गमवाल्यांपैकी ९ टक्केच ते वापरत होते. आणि त्या लोकांना दिलेलं यंत्र होतं साधं, पुन्हा भरता येणारं. कॉईल वळायला कुणी बसवलं नव्हतं. साध्या यंत्राचीच अशी सवय लागते, तर जे यंत्र छंद होऊन बसतं त्याचं काय, हे माझ्याकडे बघून ओळख. सिगारेट सुटून मला बारा वर्षं झाली, व्हेप अजून आहे.

आता मजेविषयी. ती मी नाकारली तर खोटं बोलल्यासारखं होईल. माझी पहिली आरटीए म्हणजे 'कायफन' नावाच्या जर्मन आरटीएची स्वस्त चिनी नक्कल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मामीचं पांढरं ताट उलटं ठेवून कामाला बसायचो, कारण स्क्रू भाताच्या शितापेक्षा लहान आणि पांढऱ्यावर पडला की दिसतो. अठ्ठावीस गेजची कांथल तार, लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची, अडीच मिलिमीटरच्या स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यावर सात वेढे घालून घ्यायची. दोन्ही टोकं डेकवरच्या, म्हणजे आरटीएच्या तळावरच्या, दोन खांबांत (पोस्टमध्ये) घालून स्क्रू आवळायचे, उरलेली शेपटी अगदी मुळाशी कापायची. तिचं टोक जर वरच्या टोपीला लागलं तर सरळ शॉर्ट. मग ओहम, म्हणजे कॉईलचा विद्युतरोध, बघायचे. सात वेढ्यांचे सव्वा ओहमच्या आसपास येतात. शून्य पॉइंट काहीतरी आले किंवा आकडा नाचायला लागला, तर कुठेतरी तार चुकीच्या जागी टेकलीय किंवा स्क्रू ढिला आहे. बटण दाबायचंच नाही.

सगळं बरोबर असेल तर दहा-बारा वॉटवर क्षणभर बटण दाबून सोडायचं. तार मधल्या वेढ्यापासून लाल होत दोन्ही बाजूंना गेली पाहिजे. एकच वेढा आधी भडकला तर चिनी मातीचं टोक असलेल्या चिमट्याने वेढ्यांवरून हलकेच खरवडायचं, पुन्हा दाबायचं. हा सगळा प्रकार कांथलसाठी सांगतोय. निकेल आणि टायटॅनियमची तार अशी लाल करायची नसते, ती तापमान-नियंत्रणाची तार. नवखा असताना ती घ्यायचीच नाही.

आणि मग कापूस. इथेच सगळे मार खातात. तुझी पणजी संध्याकाळी मांडीवर वाती वळायची, ते तू पाहिलेलं नाहीस. घट्ट वळलेली वात तेल ओढत नाही, सैल वळलेली भसाभसा तेल पिते आणि निरांजनातून ओघळते. ती बोटांनीच सांगायची, कुठली जमली. कॉईलमधून कापूस ओढताना तसाच अंदाज लागतो: तार हलू नये, पण कापूस अडूही नये. घट्ट झाला तर लिक्विड पोचत नाही, कोरडा कापूस जळतो आणि घशात असा ठसका बसतो की डोळ्यांत पाणी येतं. तो फक्त चवीचा प्रश्न नसतो, करपलेल्या लिक्विडातून ॲल्डिहाइडसारखे घातक वायू निघतात. करपलं की 'अजून एक झुरका बघू' असं करायचं नाही, उघडायचं. सैल झाला तर खालच्या हवेच्या भोकातून गळती, खिसा चिकट, वर लॅपटॉपच्या बॅगेला स्ट्रॉबेरीचा वास. माझ्या पहिल्या पंधरा वाती वाया गेल्या. सोळावी जमली तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि शेजाऱ्याला उठवून सांगावंसं वाटलं होतं.

तर ही मजा. पण आता त्याच काळातली एक सकाळ ऐक. जानेवारी, बोचरं वारं, बसथांब्यावर उभा. सिगारेट सोडून सात महिने. रात्री घाईत कापूस बदललेला. पहिल्याच झुरक्याला करपला. चिमटा घरी, कापूस घरी, सुटा पॉडबिड काही नाही. बस यायला बारा मिनिटं आणि थांब्यासमोर दुकान. तेव्हा दहाचं पाकीट मिळायचं. मी ते घेतलं आणि पुढचे सहा आठवडे रोज घेतलं. वात माझीच होती, त्यामुळे शिव्या द्यायलाही कुणी नव्हतं.

म्हणून तुला माझं सांगणं एवढंच आहे: आरटीए टेबलावरची वस्तू, खिशातली नाही. संध्याकाळी घरी बसून वापर. बाहेर पडताना पॉडच खिशात, चार्ज केलेला आणि एक सुटी कॉईल सोबत. सिगारेटपासून तुला लांब ठेवणारी जी वस्तू आहे ती तुझ्या कौशल्यावर अवलंबून असता कामा नये. ज्या दिवशी तू दमलेला, वैतागलेला, घाईत असशील, त्याच दिवशी तिची गरज असते.

ही अट मान्य असेल तर पुढचं वाच, नसेल तर पॉडवरच राहा. त्यात कमीपणा काही नाही.

निकोटिन बदलावं लागेल. पॉडमध्ये २० मिलिग्रॅम चालतं कारण तो जेमतेम वाफ देतो. तेच लिक्विड साठ वॉटच्या ड्रिपरमध्ये घातलंस तर दोन झुरक्यांत गरगरेल, मळमळेल, छाती धडधडेल. मोठ्या वाफेसाठी तीन मिलिग्रॅमच. इथे ते शॉर्टफिलने, म्हणजे वर जागा ठेवून भरलेल्या बाटलीने जमतं: पन्नास मिलिलिटर बिननिकोटिनच्या लिक्विडात १८ मिलिग्रॅमचा दहा मिलिलिटरचा निकोटिन शॉट ओतला की साठ मिलिलिटर तीनचं तयार. पण तू ड्रिपरच्या वाटेला जाऊच नकोस असं मला वाटतं. सिगारेटसारखा तोंडात ओढून मग आत घ्यायचा जो झुरका तुला सवयीचा आहे, त्याची एक कॉईलची, अरुंद हवेची आरटीए घे. बारा ते पंधरा वॉट, सहा किंवा बारा मिलिग्रॅम. लिक्विडही कमी जातं. टँक इथे दोन मिलिलिटरच्या वर विकता येत नाही, त्याने तुझं काही अडणार नाही.

बॅटरीबाबत मात्र मी मामा नाही, मेंटेनन्स खात्यातला माणूस आहे. मॉड म्हणजे आरटीए ज्यावर बसते तो बॅटरीचा भाग. मेकॅनिकल मॉड घ्यायचा नाही. त्यात सर्किट नसतं. बॅटरी, बटण, कॉईल, संपलं. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते. ०.१५ ओहमची कॉईल लावलीस तर ४.२ भागिले ०.१५, म्हणजे २८ अँपिअर, आणि चांगल्या बॅटऱ्यासुद्धा बऱ्याचदा २० अँपिअरच्याच असतात. व्हेप फुटून फ्लोरिडात २०१८ मध्ये आणि टेक्सासमध्ये २०१९ मध्ये माणसं गेली आहेत. रेग्युलेटेड मॉडमध्ये चिप शॉर्ट ओळखते आणि थांबते. तिथे बॅटरीवरचा ताण ओहमवर नाही, वॉटवर ठरतो: पंधरा वॉटला सुमारे पाच अँपिअर, बॅटरीला घामही येत नाही.

मॉडमध्ये घालायच्या १८६५० या मापाच्या बॅटरीचं वरचं टोक सोडलं तर सगळं अंग ऋण ध्रुवच असतं, आणि मध्ये आड असतं ते प्लॅस्टिकचं पातळ कातडं. ते नखाएवढं फाटलं तरी ती बॅटरी वापरायची नाही. नवं कातडं चढवता येतं, पेन्समध्ये मिळतं. आणि सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर खिशात? तसं करताना दिसलास तर आजीला सांगेन.

शनिवारी लेस्टरला ये. काही विकत घेऊ नकोस. खोक्यातल्या अकरांपैकी एक तुझी, जुना मॉडही देतो, बॅटऱ्या मात्र नव्या घेऊ. पांढरं ताट आहेच. पाच-सहा वाती तुझ्याकडून करपवून घेतो. त्यानंतर कंटाळा आला तर निमूट पॉडवर परत जा, मजा आली तर वस्तू घेऊन जा. दहाच्या गाडीने येशील तर मामी थालीपीठ लावेल.

तुझा,
मामा

ता. क. दिवाळीला घरी जाशील तेव्हा यातलं काहीही बॅगेत नको, रिकामी कॉईलसुद्धा नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट आणायलाच बंदी आहे, पूर्ण असो वा सुटा भाग. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मी जातो तेव्हा दोन मिलिग्रॅमच्या निकोटिन गमवर काढतो, तिथे औषधाच्या दुकानात मिळतो. चघळत राहायचा नाही, चावून गालात दाबून ठेवायचा, नाहीतर उचकी लागते. आणि ताईने विचारलं तर सुपारी सांगू नकोस, तिला ते आणखी आवडणार नाही.