मित्रांसोबत पूर्व विदर्भात फिरताना मोहाची दारू कशी बनते ते पाहायला मिळेल का? कोणत्या महिन्यात जावं?

मिळेल, पण भट्टी शोधत फिरू नका. मोहफूल वेचणाऱ्या घरी जा, आणि तेही ओळखीनेच. आम्ही मित्र मोटरसायकलींवर नवेगावबांधहून देवरीकडे निघालो होतो. सोबतच्या गोंड मित्राची आत्या वाटेवरच्या एका गावात राहते, तिच्याकडे देवाला वाहायला दारू काढायची होती. गावाचं नाव लिहीत नाही. परवान्याशिवाय दारू गाळणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि माझ्या उत्तरामुळे त्या घराला त्रास व्हायला नको.

मोह मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. फुलं पहाटे गळतात, म्हणून बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, कोणतं झाड कोणत्या घराचं, हे गावात ठरलेलं असतं. ताजं फूल मांसल, पिवळसर, रसाने भरलेलं. अंगणात वाळलं की तांबूस होतं आणि मनुकेसारखं चिवट लागतं. वाळलेल्या फुलात साधारण निम्मी साखर असते. सगळी करामत तिथूनच सुरू होते.

ही फुलं पाण्यात भिजत घालतात. त्याला सडवा म्हणतात. बाहेरून काही घालावं लागत नाही, फुलावरचंच यीस्ट साखरेवर काम करतं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात चार-पाच दिवसांत सडवा तयार होतो, थंडीत जास्त वेळ घेतो. आत्या मडक्याला कान लावून ऐकत होती. बुडबुड्यांचा आवाज मंदावला की काढायची वेळ झाली. त्यापुढे ठेवलं तर आंबटपणा वाढतो. बाजारासाठी चालणाऱ्या भट्ट्यांत गूळ आणि नवसागर टाकतात. ती दारू वेगळी, आणि तिच्यापासून लांबच राहा.

गाळण्याची मांडणी साधी आहे, पण बारकाईने पाहण्यासारखी. चुलीवर सडव्याचं मोठं मडकं. त्यावर तळाला भोकं असलेलं दुसरं, त्याच्या आत दारू जमायला छोटं भांडं. सगळ्यात वर थंड पाण्याचं भांडं. सांधे ओल्या मातीने लिंपतात. वाफ वर जाते, थंड बुडाला लागून पुन्हा द्रव होते आणि आतल्या भांड्यात ठिबकते. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० अंशांना, त्यामुळे मद्यार्काची वाफ आधी आणि जास्त निघते. आत्याने हे आकडे न सांगता नेमकं सांगितलं: "जाळ मोठा केला त पानीच जास्त येते, बाबू." ती तासन्‌तास चुलीपुढून हलली नाही. लाकूड आत सरकवायची, बाहेर ओढायची, वरचं पाणी कोमट झालं की बदलायची. पाणी जितक्या वेळा बदललं तितकी दारू सौम्य होत जाते. म्हणूनच पहिल्या धारेची सगळ्यात कडक. ती निघाल्यावर आधी देवाला आणि पितरांना थेंब वाहिले, मगच इतरांना. एवढं बघून मला तिच्या कामाबद्दल फार आदर वाटला. हे कौशल्य आहे, आणि ते बहुतेक घरांत बायकांच्या हातात आहे.

जायचं असेल तर मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा निवडा. पहाटे वेचायला जायची इच्छा असेल तर गावकऱ्यांसोबतच जा. अस्वलाला मोहफूल फार आवडतं, आणि चंद्रपूरकडे मोहफूल वेचताना वाघाचे हल्लेही होतात. झाडाखालचा पालापाचोळा जाळू नका. त्यातूनच वणवे लागतात. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती तिथल्या लोकांच्या, विशेषतः बायकांच्या लढ्यातून आली आहे. तिथे दारूची चौकशीसुद्धा करू नका. दारूने घरं कशी बसतात हे त्या गावांनी सोसलंय.

फुलावर मात्र अडचण नाही. मोहफूल गोळा करणं, साठवणं आणि त्याची वाहतूक यावरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. त्यामुळे बाटली मागण्यापेक्षा वाळलेलं फूल विकत घ्या, आणि घासाघीस करू नका: हंगामात व्यापारी ते पडत्या भावाने उचलतात. भाजून, कुटून, तीळ-गुळासोबत त्याचे लाडू छान होतात. आत्याने आम्हाला निघताना तेच दिले.